सीटी स्कॅन तसाच, मग जिना का चढवत नाही?

आत्याचे दोन सीटी स्कॅन शेजारी शेजारी लावून डॉक्टर म्हणाले, "दोन वर्षांत काही फरक नाही. छान आहे." जोरात फुंकून करायच्या चाचणीचे आकडेही जवळपास तेच होते. आम्ही खुशीत बाहेर पडलो आणि पहिल्याच जिन्याच्या नवव्या पायरीवर आत्या थांबली, कठडा धरून. दोन वर्षांपूर्वी हाच जिना ती बोलत बोलत चढायची.

मी नेहमीसारखं विचारलं, "दम लागला का गं?"

"दम नंतर लागतो. आधी मांड्याच भरून येतात. पाय उचलतच नाही."

इतकी वर्षं आम्ही सगळे तिला दम, खोकला, कफ, ताप यांबद्दल विचारत आलो होतो. मांड्यांबद्दल एकदाही विचारलं नव्हतं. फुप्फुसांचा जुना संसर्ग असलेल्या असंख्य घरांत हेच होतं. रिपोर्ट तसाच राहतो, माणूस मात्र वर्षागणिक थोडा थोडा आत ओढला जातो. आधी जिना सुटतो, मग लांबचं चालणं, मग एक दिवस आंघोळ करून आल्यावरही बसावं लागतं. आपण म्हणतो, आजार वाढला. तो वाढलेला नसतानाही हे घडू शकतं, आणि त्यातला मोठा भाग परत मिळवता येतो.

## कुठल्या आजारांबद्दल बोलतोय

न्यूमोनिया येतो, औषधं घेतली की जातो. काही संसर्ग मात्र फुप्फुसात मुक्कामालाच येतात. त्यातलं मोठं नाव ब्रॉन्किएक्टेसिस. लहानपणचा जोराचा न्यूमोनिया, डांग्या खोकला, क्षयरोग किंवा आणखी कशाने श्वासनलिकांची भिंत कायमची सैल पडते. स्टेथोस्कोप शोधणाऱ्या रने लाएनेक या फ्रेंच डॉक्टरने १८१९ साली या आजाराचं वर्णन केलं, म्हणजे ओळख जुनी आहे.

निरोगी श्वासनलिकेच्या आतून अगदी बारीक केसांची लव असते. ती सतत एका दिशेने हलते आणि धूळ, जंतू, चिकट स्राव असं सगळं सरकत्या पट्ट्यावर ठेवल्यासारखं घशाकडे पाठवत राहते. नलिका सैल झाली की पट्टा बंद पडतो. कफ साचतो, साचलेल्या कफात जंतू बस्तान बसवतात. त्यांना मारायला शरीराच्या पांढऱ्या पेशी धावून येतात आणि त्यांनी सोडलेल्या रसायनांनी नलिकेची भिंतही भाजून निघते. ती आणखी सैल होते, कफ आणखी साचतो. या दुष्टचक्राची मांडणी १९८६ मध्ये पीटर कोल या ब्रिटिश डॉक्टरांनी केली आणि आजही उपचारांचा विचार तिथूनच सुरू होतो.

क्षयरोग औषधांनी पूर्ण बरा झाल्यावर मागे राहिलेली फुप्फुसाची हानी, क्षयाच्या जंतूचे चुलतभाऊ असलेल्या एनटीएम जंतूंचा संसर्ग, जन्मजात असणारा सिस्टिक फायब्रोसिस हे आजारही याच पंगतीत बसतात. कारणं वेगळी, औषधं वेगळी. पण अधूनमधून आजार उसळतो, अंगातलं त्राण जातं, आणि प्रत्येक उसळीनंतर माणूस आधीपेक्षा थोडा खाली येऊन स्थिरावतो, हे सगळ्यांत सारखं.

## 'क्षय' या शब्दात उत्तर आहे

आपल्या पूर्वजांनी फुप्फुसाच्या सर्वांत भयंकर संसर्गाला नाव दिलं ते खोकल्यावरून नाही, कफावरून नाही, रक्तावरूनही नाही. क्षय म्हणजे झिजणं. त्यांना डोळ्यांनी दिसत होतं की छातीत दुखणं असलेल्या या माणसाचे दंड आणि मांड्या वितळत चालल्या आहेत.

ते का, हे कळायला १९८० चं दशक उजाडावं लागलं. जुन्या संसर्गात प्राण्यांचं शरीर कशाने झडतं याचा शोध घेणाऱ्या न्यूयॉर्कमधल्या संशोधकांना एक पदार्थ सापडला. शरीर झडण्याला कॅकेक्सिया हा ग्रीकमधून आलेला वैद्यकीय शब्द आहे, त्यावरून त्यांनी त्याला कॅकेक्टिन म्हटलं. १९८५ मध्ये लक्षात आलं की टीएनएफ नावाने ओळखला जाणारा पदार्थ तो हाच. जंतूंशी लढताना आपल्याच पेशी तो सोडतात. लढाई चार दिवसांची असेल तर तो कामाचा. ती वर्षानुवर्षं धुमसत राहिली तर असे पदार्थ रक्तातून अंगभर फिरतात आणि स्नायूंना निरोप देत राहतात, की बांधकाम थांबवा, साठा मोकळा करा.

साठा म्हणजे प्रथिनांचा. स्नायू हलण्याचं काम करतात हे आपल्याला माहीत असतं, पण ते शरीराची मुदत ठेवही असतात. संसर्ग उसळला की रोगप्रतिकारासाठी लागणारा कच्चा माल शरीर तिथून काढतं. दर उसळीला ठेव मोडायची आणि मधल्या दिवसांत भरणा करायचाच नाही, असं चाललं तर शिल्लक कुठे जाईल हे सांगायला नको. त्यात तोंडाची चव गेलेली, खोकून खोकून जेवण अर्धं राहिलेलं, आणि श्वास घेण्याच्या कामालाच जास्त ऊर्जा लागणारी.

औषधांचाही हात लागतो. तोंडाने घ्यायचे स्टेरॉइड जास्त दिवस चालले तर मांड्या आणि खांदे दुबळे होतात. काही औषधांनी नसा दुखावतात, तळपायाला मुंग्या येतात आणि पाऊल नीट पडत नाही. पण या सगळ्यांहून मोठं कारण घरातच असतं, आणि ते आपण प्रेमापोटी घडवून आणतो.

## "तू बस, मी आणून देतो"

खोकणाऱ्या माणसाला कोणी उठू देत नाही. पाणी जागेवर, औषध जागेवर. यामागची माया खरी आहे, म्हणूनच याबद्दल लिहिणं अवघड जातं.

विश्रांतीची ही समजूत जुनी आहे. क्षयावर औषधच नव्हतं तेव्हा रुग्णांना सॅनेटोरियममध्ये मोकळ्या हवेत महिनोन् महिने पडून ठेवत. तेव्हाही एक वेगळा आवाज होता. इंग्लंडमधल्या फ्रिमली सॅनेटोरियमचे मार्कस पॅटरसन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रुग्णांना पायरीपायरीने कामाला लावलं. आधी चालणं, मग टोपलीतून माती वाहणं, मग फावडं. त्याने क्षय बरा होत नव्हता, तो बरा करणारं तेव्हा काहीच नव्हतं. पण निवडक रुग्णांना हे झेपत होतं आणि ते कामाला परत जाण्याइतके सावरत होते. औषधं आल्यावर १९५९ मध्ये मद्रासच्या अभ्यासाने विश्रांतीच्या समजुतीचा पायाच हलवला. तिथे काही रुग्णांवर सॅनेटोरियममध्ये आणि काहींवर घरी, एकाच औषधांनी उपचार केले. घरच्यांना विश्रांती कमी होती, आहार निकृष्ट होता, जागा दाटीची होती. तरी वर्षाच्या शेवटी बरं होण्यात दोन्ही गट जवळपास बरोबरीत राहिले. बरं करत होती ती औषधं, पलंग नव्हे.

पलंग काय करतो याचाही हिशेब झालेला आहे. १९६६ मध्ये अमेरिकेतल्या डॅलसमध्ये विशीच्या पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे नुसतं झोपवून ठेवलं. जोराच्या कामात शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं, ती त्यांची क्षमता सुमारे २७ टक्क्यांनी घसरली. तीस वर्षांनी, पन्नाशीत, तेच पाच जण पुन्हा तपासले. तीस वर्षांच्या वयाने त्यांचं जेवढं नुकसान केलं होतं, त्याहून विशीतल्या तीन आठवड्यांच्या झोपण्याने जास्त केलं होतं. या अभ्यासाचा पुढचा भाग मला जास्त आवडतो. सहा महिने हळूहळू वाढवत नेलेल्या व्यायामाने पन्नाशीतल्या त्या पाच जणांनी, सरासरी काढली तर, वयाने नेलेली ती क्षमता परत मिळवली.

हे निरोगी तरुण होते. साठीपुढच्या निरोगी माणसांना दहा दिवस झोपवलं, तर दोन्ही पायांचं मिळून साधारण एक किलो मांस गेलं, असंही एका अभ्यासात दिसलं आहे. आता आजार उसळून पंधरा दिवस अंथरुणाला खिळलेल्या आजारी माणसाचं काय होत असेल, याचा अंदाज करा.

## एकाच अंगातले दोन स्नायू

इथे एखादा चिकित्सक वाचक विचारेल, "संसर्गाचं विष रक्तातून सगळीकडे जातं म्हणता. मग व्यायामाने काय फरक पडणार? स्नायू झिजायचे ते झिजणारच."

या शंकेचं फार सुंदर उत्तर शरीरानेच देऊन ठेवलंय. ते पाहिलं गेलं सीओपीडीच्या, म्हणजे प्रामुख्याने धुराने होणाऱ्या फुप्फुसांच्या जुनाट आजाराच्या रुग्णांमध्ये. त्यात स्नायूंचा अभ्यास सर्वाधिक झालेला आहे. स्नायूत ढोबळमानाने दोन प्रकारचे तंतू असतात. एक दमदार, संथपणे तासन् तास काम करणारे. दुसरे जोरकस, पण लवकर थकणारे. या रुग्णांच्या मांडीत दमदार तंतू कमी झालेले आढळतात. आणि त्याच आजाराच्या गंभीर रुग्णांचं श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला श्वासाचा मुख्य स्नायू, १९९७ मध्ये तपासलं गेलं तेव्हा तिथे नेमकं उलटं चित्र होतं. दमदार तंतू वाढलेले!

रक्त तेच, औषधं तीच, दाह तोच. पण श्वासपटलाला सुट्टी नाही. अडलेल्या फुप्फुसात हवा ओढायला ते रात्रंदिवस राबतं, म्हणजे नकळत व्यायामच करतं. मांडीला मात्र आपण रजेवर पाठवलेलं असतं. आजार स्नायूंना ओरबाडतो हे खरंच आहे, पण वापरात असलेला स्नायू त्या ओरबाडण्यासमोर उभा राहू शकतो.

दुसरा पुरावा फुप्फुस प्रत्यारोपणाचा. निकामी फुप्फुसं काढून दुसऱ्याची चांगली बसवली, श्वासाच्या चाचण्या उत्तम आल्या. तरीही अशा अनेकांची जास्तीत जास्त मेहनतीची क्षमता अपेक्षेच्या ४० ते ६० टक्क्यांच्या आसपासच घुटमळते. फुप्फुसं नवी आली, पाय जुनेच राहिले. प्रत्यारोपणानंतरची काही औषधंही स्नायूंना जाचतात, हे त्यात आहेच.

## मायलेजचा हिशेब

फुप्फुसाची सैल झालेली नलिका व्यायामाने पुन्हा घट्ट होत नाही. हे आधीच स्वच्छ सांगते, कारण तसं खोटं आश्वासन देणारे पुष्कळ आहेत. मग नुसते पाय मजबूत करून धाप कशी कमी होईल?

गाडीच्या मायलेजसारखा हा हिशेब आहे. टाकी लहान आहे आणि ती मोठी करता येत नाही. पण इंजिन नीट लावलं तर तेवढ्याच इंधनात गाडी लांब जाते. इथे टाकी म्हणजे फुप्फुसं आणि इंजिन म्हणजे स्नायू. सराव नसलेला स्नायू मिळालेला ऑक्सिजन नीट वापरू शकत नाही. तो लवकरच आडमार्गाला लागतो आणि लॅक्टिक आम्ल बनवू लागतो. हे आम्ल निपटताना शरीरात जास्तीचा कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि तो बाहेर टाकायचा एकच रस्ता, श्वास. म्हणजे दुबळी मांडी दर पायरीला फुप्फुसांवर जादा काम लादते. मांडी सरावली की तोच जिना कमी श्वासांत चढून होतो, फुप्फुस आहे तसंच असताना.

आत्याला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे माझ्या पायांचं ओझं माझी छाती वाहतेय." डॉक्टरी पुस्तकात इतकं नेमकं वाक्य मी वाचलेलं नाही.

## खुर्ची, घड्याळ आणि आत्या

ताकद मोजायला यंत्र लागत नाही. हात नसलेली, भिंतीला टेकवलेली खुर्ची घ्या. हात छातीवर घडी करून ठेवायचे. ३० सेकंदांत पूर्ण उभं राहून पुन्हा बसणं किती वेळा जमतं ते मोजायचं. ६५ ते ६९ वयाच्या बाईला ११ पेक्षा कमी आणि त्याच वयाच्या पुरुषाला १२ पेक्षा कमी जमलं, तर ताकद वयाच्या मानाने कमी समजतात. छातीच्या दवाखान्यात हीच चाचणी बरेचदा एक मिनिटाची घेतात.

आत्या ६६ वर्षांची. मी मोबाइलवर वेळ लावली. पहिल्या तीनदा ती झपकन उठली. चौथ्यांदा घडी घातलेले हात सुटून आपोआप मांडीवर आले, ढकलायला. "हात नाही," मी म्हटलं. पाचव्यांदा उठताना ती आधी पुढे झुकली, क्षणभर अधांतरी थांबली, गुडघे एकमेकांकडे वळले, मग उभी राहिली. सहाव्याला मांड्यांची थरथर कपड्यावरून दिसत होती. सातव्यांदा उठली आणि वेळ संपली. श्वास वाढला होता, पण बोटाच्या ऑक्सिमीटरवर आकडा ९५. तेव्हा माझी खात्री पटली. हिला अडवत होते ते पाय.

फिजिओथेरपिस्ट आणखी दोन-तीन मोजमापं घेतात. सहा मिनिटांत सपाट जागेवर किती मीटर चालता येतं हे त्यातलं प्रसिद्ध. मुठीचा जोर मोजतात, कारण तो एकूण ताकदीचा अंदाज देतो. आशियाई तज्ज्ञांच्या २०१९ च्या निकषांत पुरुषांसाठी २८ किलो आणि बायकांसाठी १८ किलोच्या खालची मूठ दुबळी धरलेली आहे.

## नेमकं करायचं काय

या उपचाराला पल्मनरी रिहॅब म्हणतात, फुप्फुसांच्या रुग्णांचं पुनर्वसन. तपासून, आखून दिलेला व्यायाम, कफ काढण्याचं तंत्र, आहार, श्वासावर ताबा असं सगळं त्यात येतं. साधारण सहा ते आठ आठवडे, आठवड्यातून किमान दोनदा देखरेखीखाली. युरोपियन रेस्पिरेटरी सोसायटीच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत ब्रॉन्किएक्टेसिसमुळे हालचाल मंदावलेल्या प्रौढांसाठी त्याची ठाम शिफारस आहे. जवळपास असं केंद्र असेल तर तिथेच सुरुवात करा. नसेल तर डॉक्टरांना विचारून फिजिओथेरपिस्टकडून एकदा तरी व्यायाम ठरवून घ्या.

व्यायामाचे दोन पाय असतात आणि दोन्ही लागतात. एक दमाचा: चालणं, सायकल. दुसरा ताकदीचा, आणि लोक नेमका हाच वगळतात. रोज फेरी मारणारे पुष्कळ भेटतात, पण चालण्याने दम वाढतो तेवढी मांडीची ताकद वाढत नाही. खुर्चीतून उठबस, पायरीवर चढ-उतार, टाचा उचलणं, पाण्याची भरलेली बाटली घेऊन हात वर नेणं, एवढ्यावर सुरुवात होते. वजन असं निवडायचं की ८ ते १२ वेळा जमेल आणि शेवटच्या दोन वेळा कष्ट पडतील. एका दिवसाआड, आठवड्यातून दोन-तीनदा. बाराही वेळा सहज जमू लागलं की वजन किंवा उंची थोडी वाढवायची. न वाढवता वर्षभर तेच करत राहिलात तर स्नायूला बळकट होण्याचं कारणच उरत नाही.

सलग चालवत नसेल तर तुकड्यांत चाला. एक मिनिट चालणं, एक मिनिट थांबणं, असं दहा वेळा. हिशेबात ते सगळं धरलं जातं.

जोर किती लावायचा? शून्य म्हणजे धाप नाहीच आणि दहा म्हणजे यापुढे शक्यच नाही, अशी मनातल्या मनात पट्टी धरा. ४ ते ६ च्या दरम्यान राहायचं. म्हणजे दोन-चार शब्द बोलता येतात, पण गप्पा मारता येत नाहीत. धाप जास्त वाटली तर पुढे झुकून हात टेबलावर किंवा गुडघ्यांवर टेकायचे आणि ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडायचा.

आणि प्रथिनं. रिकाम्या हाताने भरणा होत नाही. जुनाट आजार असलेल्या वयस्क माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात, असं आहारतज्ज्ञांचे गट सांगतात. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.

## "पण धाप लागली म्हणजे फुप्फुसाला इजा होत नाही का?"

नाही. व्यायामात लागलेली, थांबल्यावर काही मिनिटांत उतरणारी धाप फुप्फुस झिजवत नाही. ती भीतिदायक असते, हे मी मुळीच नाकारत नाही. श्वास अडकण्यासारखी भीती दुसरी नाही. पण त्या भीतीने हालचाल टाळली की स्नायू आणखी ढिले होतात, पुढच्या वेळी तेवढ्याच कामाला जास्त धाप लागते आणि भीती खरी ठरल्यासारखी वाटते. ही साखळी तोडायची तर कोणाच्या तरी सोबतीने, बोटाला ऑक्सिमीटर लावून, थोडी थोडी धाप मुद्दाम अनुभवावी लागते.

"आधी बरी होऊ दे, मग करेन," हे आत्याचंही वाक्य. गंमत अशी की जुन्या संसर्गात पूर्ण बरं होण्याचा दिवस बऱ्याचदा येतच नाही. ताप-उसळी ओसरली की आहे त्या अवस्थेतच सुरुवात करायची असते.

"घरकाम करते तेवढा व्यायाम पुरे." घरकामाने हालचाल होते, ती मोलाची आहे आणि बसून राहण्यापेक्षा शंभरपट बरी. पण सवयीच्या कामाने स्नायूवर नवा भार येत नाही.

"खोकला वाढतो." हो, सुरुवातीला वाढेल. वेगाने आत-बाहेर जाणारी हवा साचलेला कफ हलवते, तो वर येतो आणि खोकला येतो. कफ बाहेर पडणं हे काम झाल्याचं लक्षण आहे. मात्र व्यायाम केला म्हणून कफ काढण्याचं तंत्र सोडून देऊ नका.

## थांबायचं कधी

थुंकीत ताजं रक्त, ताप, छातीत नवं दुखणं, चक्कर, बसल्या जागीही न उतरणारी धाप, यांपैकी काही असेल तर व्यायाम नाही, डॉक्टर. ऑक्सिजन ८८ टक्क्यांखाली जात असेल तर थांबा आणि व्यायामाच्या वेळी ऑक्सिजन लागेल का ते विचारा. क्षयाचा उपचार नुकताच सुरू झाला असेल आणि संसर्ग पसरण्याची शक्यता असेल, तर चारचौघांत व्यायाम नको. सिस्टिक फायब्रोसिसच्या दोन रुग्णांनी तर एकत्र व्यायाम करूच नये, एकाचे चिवट जंतू दुसऱ्याकडे जाऊ शकतात.

औषधांबद्दलच्या दोन गोष्टी फारशा कोणी सांगत नाही. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या गटातली जंतूंवरची औषधं (अँटिबायोटिक) स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्या कमकुवत करू शकतात, विशेषतः टाचेमागची. साठीपुढच्यांना आणि सोबत स्टेरॉइड घेणाऱ्यांना धोका जास्त. ही औषधं चालू असताना उड्या नकोत. टाचेमागे दुखलं तर "व्यायामाने दुखतंय" म्हणून अंगावर काढू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. अमिकासिन किंवा स्ट्रेप्टोमायसिनसारख्या इंजेक्शनांनी आतल्या कानाला इजा होऊन ऐकू कमी येऊ शकतं, तोलही जाऊ शकतो. तोल डळमळत असेल तर उभ्याचे व्यायाम कठड्याजवळच करा आणि तेही डॉक्टरांना सांगा.

## एवढं करून मिळतं काय

ब्रॉन्किएक्टेसिसच्या रुग्णांवरचा ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. आठ आठवडे व्यायाम केलेल्यांचं चालणं सुधारलं. पुढच्या वर्षभरात आजार उसळण्याचं प्रमाणही व्यायाम न केलेल्यांपेक्षा कमी राहिलं, आणि मला हे जास्त मोलाचं वाटतं, कारण ठेव मोडते ती उसळीतच. पण त्याच अभ्यासात हेही दिसलं की वर्षाच्या शेवटी चालण्यातला फायदा टिकला नव्हता. आठ आठवड्यांचा कोर्स करून ताकद कायमची खिशात पडत नाही.

सिस्टिक फायब्रोसिसमध्ये १९९२ चा एक अभ्यास आहे. १०९ रुग्णांची दमाची क्षमता मोजली आणि आठ वर्षं वाट पाहिली. सर्वांत तंदुरुस्त गटातले ८३ टक्के जिवंत होते, सर्वांत कमी दमाच्या गटातले २८ टक्के. यावरून व्यायामानेच ते जगले असं म्हणता येणार नाही, ज्यांचा आजार सौम्य त्यांचा दमही चांगला असणार. पण फुप्फुसाच्या कामाचा हिशेब वेगळा काढल्यावरही दमाचं महत्त्व उरलंच.

आत्याचं सांगते. आठ आठवड्यांनी सातावरून ती अकरावर गेली. पाचव्या महिन्यात आजार उसळला, दहा दिवस ती अंथरुणात होती आणि उठल्यावर खुर्चीची चाचणी केली तर आठ. ती रडली. "सगळं गेलं की गं." सगळं गेलं नव्हतं, आधी सात होती. पण मी तेव्हा ते बोलले नाही, पाणी दिलं आणि शेजारी बसले. चौथ्या दिवशी तिने स्वतःच खुर्ची भिंतीला लावली. सुरुवात पाच वेळांपासून केली. या वेळी उसळीतही रोज पलंगाच्या कडेला बसून टाचा उचलायच्या, असं तिने फिजिओथेरपिस्टशी बोलून ठरवून घेतलं.

गेल्या महिन्यात तिसरा सीटी स्कॅन झाला. "फरक काही नाही," डॉक्टर म्हणाले. बाहेर पडून जिना चढताना नवव्या पायरीवर मी सवयीने थांबले. आत्या पुढे निघून गेली होती. वरच्या वळणावर, कठड्याला धरून, ओठांचा चंबू करून श्वास सोडत उभी होती.